धडगाव-मोलगीच्या वाटेवर

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैली घाट लागतो. २०२१ च्या पावसाळ्यात इथे दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. तेव्हा एक जण आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला आणि वाटेतच तिने प्राण सोडला. घाट चढताना माझ्या डोक्यात तेच होतं. शाळा किती, दवाखाने किती हे कागदावर सापडतं. तिथवर माणूस पोचतो कसा, ते मला बघायचं होतं.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथले जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी होते आणि साक्षरता राज्यात सर्वांत कमी, ६४ टक्क्यांच्या आसपास. धडगाव भागात गाव एका जागी नसतंच. टेकडीवर एक घर, भोवती त्याचं शेत, मग दरी, मग पुढचं घर. त्यामुळे 'गावात शाळा आहे' हे वाक्य खरं असूनही सहा वर्षांच्या पोराला दोन ओढे ओलांडावे लागतात. पेशंटला तर बांबूला झोळी बांधून खाली आणतात. तिला सगळे 'बांबूलन्स' म्हणतात.

एका पाड्यावर आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, भेटल्या. घराच्या वाशाला ताणकाटा अडकवलेला, त्याच्या झोळीत एक तान्ही मुलगी. काटा हलायचा थांबेपर्यंत त्या तिच्याशी पावरी बोलीत बोलत राहिल्या, मग वजन वहीत लिहिलं आणि कार्डावर टिंब दिलं. टिंब मागच्या महिन्यापेक्षा वर सरकलं होतं. आईला त्यांनी ते बोट ठेवून दाखवलं. "पावसात गाडी येत नाही ना ताई," त्या मला म्हणाल्या, "म्हणून दिवस भरत आले की मी बाईच्या मागेच लागते, खाली चल म्हणून." यासाठीच आरोग्य केंद्रात 'माहेरघर' असतं. बाळंतपणाआधी काही दिवस तिथे येऊन राहायचं. पण घरची गुरं, मागची पोरं कोण बघणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय बाई निघत नाही, आणि तो आशाताईच सोडवतात. नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तरी या डोंगरात आरोग्यसेवेचा खरा भार पायी फिरणाऱ्या या बायकांवर आहे, आणि त्यांना मिळणारा मोबदला फार कमी आहे.

नर्मदाकाठची गावं आणखी अवघड. सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि जुन्या वाटा बुडाल्या. आता बोट हाच रस्ता. म्हणून सरकारने पाण्यावरून फिरणारा तरंगता दवाखानाही आणला. पण शाळेच्या बाबतीत इथले लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या. 'लडाई, पढाई साथ-साथ' ही त्यांची घोषणा. मी पाहिलेल्या जीवनशाळेत पोरं तिथेच राहतात, तिथेच शिकतात. गुरुजी याच खोऱ्यातले, त्यामुळे पहिलीतलं पोर घरच्या बोलीत उत्तर देतं तेव्हा ते त्याला अडवत नाहीत. ऊसतोडीला आईबाप गुजरातकडे गेले की जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांची शाळा सुटते. इथे निवासाची सोय असल्याने मुलं टिकतात.

मोलगीच्या पुढे काठी. इथल्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ पासूनची सांगतात. डोंगराडोंगरांतून लोक चालत येतात, रात्रभर ढोल वाजतो आणि होळी पेटते ती पहाटे. नवस केलेले बुध्या अंगभर नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला सुके दुधी भोपळे बांधून नाचतात. जी माणसं होळीसाठी एवढं चालतात, त्यांना 'मागास' आणि 'उदासीन' म्हणताना सरकारी अहवालांनी जरा विचार करायला हवा. लसीकरण असो की शाळाप्रवेश, ती मोहीम या मेळ्यात आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात लोकांच्या बोलीत बोलली, तर लोक ऐकतील असं मला वाटतं.

जायचं असेल तर होळीच्या सुमारास जा. मुक्काम धडगाव किंवा अक्कलकुव्याला करा, काठीला संध्याकाळीच पोचा आणि कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका. उन्हाळ्यात गेलात तर उतारांवर कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. धडगावचं आमचूर तिथूनच, पिकवणाऱ्यांकडूनच घ्या.