चीटिंग लिहू, फ्रॉड लिहू की स्कॅम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि खरंतर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. ताई, पैसे गेलेत, बँकेला आणि पोलिसांना इंग्रजीत अर्ज द्यायचाय, त्यात चीटिंग लिहू, फ्रॉड लिहू की स्कॅम? बँकेत २९ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं लोकांचे असले अर्ज वाचण्यात गेली, आता रिटायर होऊन सांगलीत घरीच असते, म्हणून आजूबाजूचे लोक कागद घेऊन येतात.

पहिलं म्हणजे शब्द राहू द्या बाजूला, ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे भराभर फिरवतात आणि मग काढून घेतात, त्यामुळे जितकं लवकर कळवाल तितकी वाटेत कुठेतरी रक्कम गोठवायची शक्यता जास्त. अर्ज त्यानंतर.

आता चीटिंग. आपल्याकडे हा शब्द पोरांच्या खेळातला झालाय, पत्त्यात पान लपवलं की चीटिंग, कॅरममध्ये कोपर पुढे सरकलं की चीटिंग. त्यामुळे चार लाख गेलेल्या माणसाला तो फार हलका वाटतो आणि तो खोडून फ्रॉड लिहितो. कायद्यात उलट आहे. पोलिसांच्या कामात चीटिंग हाच खरा वजनदार शब्द, जुन्या दंडसंहितेतलं ४२० कलम म्हणजे हेच, ज्याच्यावरून आपण चारसोवीस म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे आता ते ३१८ आहे आणि फसवून पैसे काढून घेतले असतील तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणाला तरी खोटं सांगून भुलवायचं आणि त्या भुलीत त्याच्याकडून पैसे किंवा वस्तू काढून घ्यायची, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात येतो. म्हणून पोलिसांच्या अर्जात चीटिंग लिहायला अजिबात कचरू नका. (या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. जुन्या इंग्लंडमध्ये वारस नसलेल्याची जमीन सरकारजमा करायचा हक्क असायचा, त्याला एस्चीट म्हणत, आणि ते काम करणारे अधिकारी लोकांच्या जमिनी इतक्या बिनदिक्कत लाटायचे की त्यांच्या कामाच्या नावाचाच अर्थ फसवणूक होऊन बसला.)

फ्रॉड बँकेच्या अर्जात चालतो, तिथे तो रोजचाच शब्द. पण आपण मराठीत तो माणसालाही लावतो, तो एक नंबरचा फ्रॉड आहे वगैरे, आणि मग अर्जात दोन पानं त्या माणसाच्या स्वभावावरच जातात. बँकेला स्वभाव नको असतो, तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा नंबर हवा असतो. स्कॅम बोलायला ठीक, पेपरच्या हेडलाइनला ठीक, अर्जात त्याचा काही उपयोग होत नाही.

एका शब्दापासून मात्र लांबच राहा, तो म्हणजे थग. आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड गुरुजी, केवायसी बंद पडतंय असा फोन आला आणि ओटीपी सांगून बसले. त्यांनी अर्ज आणला त्यात पाच ठिकाणी थग लिहिलेलं, अक्षर इतकं सुंदर की खोडायला जीव होईना. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं, ठग आपलाच शब्द, इंग्रजांनी इथूनच नेला, त्यांनी फक्त तो परत मागवला. पण १८३० च्या सुमारास स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांवर मोहीम उघडली, प्रवाशांचे गळे आवळणाऱ्या टोळ्यांच्या हकिगती विलायतेत पोचल्या, आणि हळूहळू त्या भाषेत शब्दातली फसवणूक गळून गेली आणि मारहाण तेवढी उरली. आपला ठग गोड बोलतो, त्यांचा थग दांडगाई करतो. एखाद्या इंग्रजी वाचणाऱ्या साहेबाने गुरुजींचा अर्ज वाचला असता तर पहिला प्रश्न विचारला असता, कुठे लागलंय का तुम्हाला?

त्यांच्यासाठी खरा शब्द होता पर्सोनेशन. म्हणजे तोतयेगिरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एकजण उभा राहिला तेव्हापासून मराठी माणसाला तोतया हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बँकेचा माणूस आहे, पोलीस आहे, कस्टमवाला आहे असं भासवून फसवलं की चीटिंग बाय पर्सोनेशन, न्याय संहितेत ३१९, आणि फोन-कॉम्प्युटर वापरून केलं असेल तर आयटी कायद्याचं ६६ डी. हल्ली ज्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात तेही मुळात हेच. ते नाव चोरांनी पाडलंय, कायद्यात अशी अटकच नाही, म्हणून अर्जात ‘मला डिजिटल अरेस्ट केली’ असं लिहू नका, पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावलं असं लिहा.

भिशीचं वेगळं. भिशी चालवणाऱ्या बाईंनी तीन वर्षं नीट चालवली आणि चौथ्या वर्षी सगळ्यांचे पैसे स्वतःच्या घराला लावले, तर ती पहिल्या दिवसापासून फसवायलाच आली होती असं म्हणता येईलच असं नाही. विश्वासाने सोपवलेले पैसे खाल्ले, त्याला क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट म्हणतात, आपल्या पेपरात अपहार नाहीतर अफरातफर असं येतं. चीटिंगमध्ये आणि यात फरक आहे तो नियत कधी फिरली याचा, म्हणून कोणत्या तारखेला पैसे दिले आणि ते कधीपर्यंत नीट परत मिळत होते हे लिहिणं फार गरजेचं.

आणि बँकेसाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द अनऑथराइज्ड. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर तो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं होतं की चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. पण ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर ते लपवून हा शब्द लिहू नका, बँकेकडे सगळी नोंद असते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. सरळ लिहा की बँकेचा अधिकारी म्हणवणाऱ्याने मागितला म्हणून सांगितला, आणि अमुक वाजता बँकेला कळवलं. ती वेळ जपून लिहा, कारण त्याच परिपत्रकाप्रमाणे कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान.

माझी मावशी पंधरा वर्षांपूर्वी सकाळी देवळातून येत होती. दोघं बाइकवर आले, पुढे खून झालाय मावशी, आम्ही पोलीस, पाटल्या काढून पिशवीत ठेवा. एकाने स्वतः वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिल्या, वर रुमालाची गाठ मारली, गाठ घट्ट आहे ना बघा म्हणाला. घरी येऊन सोडली तर दोन खडे आणि लोखंडी वायसर. मावशीने तो रुमाल धुऊन घडी करून कपाटात ठेवला होता, कुणाला दाखवला नाही, काकांना तर चार महिन्यांनी कळलं. पोलिसांत गेलीच नाही. मला लोक काय म्हणतील, एवढंच म्हणत राहिली.

आपले शब्द बघा ना, गंडलास, टोपी घालून घेतलीस, सगळं ज्याचं गेलं त्याच्याच अंगावर. इंग्रजीतही ड्यूप आहेच, म्हणजे सहज फसणारा, तो शब्द फ्रेंचमधल्या हुदहुद पक्ष्यावरून आला असं म्हणतात, पक्षी बावळट समजायचे म्हणून. पण त्याच भाषेत एक शब्द आहे जो मी आलेल्या प्रत्येकाला सांगते, कॉन्फिडन्स मॅन, त्याचंच पुढे कॉन झालं. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाला पकडलं. चांगल्या कपड्यांत यायचा, जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? लोक द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला हे नाव दिलं ते तो जे वापरायचा त्यावरून, आणि तो वापरायचा समोरच्याचा भरवसा. मावशीने पोलिसावर भरवसा ठेवला, गुरुजींनी बँकेवर. ठेवायलाच हवा असतो की तो.

गुरुजींच्या अर्जातले पाचही थग काढले आणि नवा कागद घेतला. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली होती, ‘माझ्या मूर्खपणामुळे हे घडले याबद्दल क्षमस्व’, ती आधी मराठीत आणि खाली तिचं इंग्रजी. मी दोन्ही ओळी खोडल्या. ते म्हणाले, राहू द्या ना ताई, नम्रपणे लिहिलेलं बरं असतं. मी म्हटलं, गुरुजी, इथे फक्त सही करा आणि खाली आजची तारीख घाला.