विजयदुर्गच्या खाडीत नुसतं 'टक्'

विजयदुर्गला नांगर टाकला तेव्हा खारा वारा पडत आला होता. मुंबईहून गोव्याला निघालेली आमची 34 फुटी शिडाची बोट, माणसं तीन, इंजिन जुनं, दोन सिलिंडरचं. किल्ल्याच्या आडोशाला, वाघोटणच्या मुखाशी झोप झकास लागली. पहाटे मतलई सुटली की निघायचं आणि दिवसाउजेडी मालवण गाठायचं, असा बेत.

पहाटे सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्.

"बॅटरी गेली," तिघंही एकदम म्हणालो. मीटर लावला तर 12.7 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. तरी एकाचा हेका सुटेना. गाडी चालवणाऱ्या माणसाला बॅटरीपलीकडे संशयित सुचतच नाही.

खरं तर अशा जुन्या डिझेल इंजिनाला चालायला वीज लागतच नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपलं आपण पेटतं. वीज हवी ती पहिल्या दोन-चार सेकंदांपुरती, पण तेवढ्यात स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. मीटरला मात्र तांब्याची एक तार शाबूत असली तरी पुरते. त्यामुळे सगळं बंद असताना घेतलेलं माप बिनधास्त फसवतं. मोजायचं ते किल्ली फिरवलेली असताना.

गिअर न्यूट्रलला टाकला आणि समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद केला. इंजिन न पेटता नुसतं फिरत राहिलं, तर ते पाणी एक्झॉस्टमध्ये साठून थेट सिलिंडरमध्ये शिरतं. मग वायरिंगचं दुखणं परवडलं म्हणायची पाळी येते. एकजण किल्लीपाशी, मी उताणा इंजिनाशेजारी. "मार!" टक्. बॅटरीच्या टोकांवर 12.3. बॅटरी दमलेली असती तर इथेच आकडा धाडकन खाली आला असता. स्टार्टरवर मात्र जेमतेम 7.9. म्हणजे जवळजवळ साडेचार व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं.

प्लसच्या केबलवर माप घेतलं, 0.3. तिथे काही नाही. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. "मार!" 4.1. सापडला चोर! मायनसची, म्हणजे अर्थिंगची केबल.

एव्हाना मतलई निम्मी वाया गेली होती. शेजारून मासेमारीचा मचवा परतत होता, त्यावरच्या तांडेलांनी (मचव्याच्या कप्तानांनी) हाक दिली, "काय झाला? मशीन लागना नाय?" मी अर्थिंगचं सांगितलं. ते हसले आणि न विचारता बाजूला लागले. याच पाण्यात 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी आंग्र्यांचं आरमार जाळलं. त्या गुराबांना, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांना, निदान सेल्फ मारावा लागत नव्हता, हे माझ्या मनात आलं, बोललो नाही.

खात्रीसाठी जंपरची वायर बॅटरीच्या मायनसवरून सरळ इंजिनावर धरली. किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं. "कॉक उघड, कॉक!" मी ओरडलो, कारण आता थंड पाण्यावाचून ते तापलं असतं. एक्झॉस्टमधून पाण्याची पिचकारी दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

इंजिन बंद करून मायनसची केबल सोडवली. थिंबल, म्हणजे केबलीच्या टोकाचं धातूचं कडं, वरून चकचकीत, पण त्यावरची काळी नळी कापली तर आत तांब्याचा हिरवा भुगा! इंजिनाखाली साचणारं खारं पाणी केबलीच्या आत चढत गेलं होतं. वीतभर कापल्यावर लाल तांबं लागलं. त्या मापाचं थिंबल आमच्याकडे नव्हतं. तांडेलांच्या डब्यात होतं. त्यांनीच ते हातोड्याने ठोकून बसवलं, मी इंजिनावरची ते बसायची जागा काचपेपरने घासून वर व्हॅसलिन थापलं. पैसे घेईनात. शेवटी मुंबईहून आणलेली चिवड्याची पिशवी घेतली.

पुन्हा मोजलं, 0.2. नांगर उचलला तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि वारा पूर्ण पडला होता. किल्ल्याला वळसा घालून बाहेर पडलो, शिडं गुंडाळलेली, इंजिनावर.