12 आठवडे शेक आणि सूपवर

मी इंग्लंडात रेडिंगला असतो. टाइप टू डायबेटिस निघाला तेव्हा जीपीने (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, रेमिशन प्रोग्राम सुचवला. रेमिशन म्हणजे औषधाशिवाय शुगर डायबेटिसच्या पातळीखाली राहणं. फुकट आहे, पण निदानाला 6 वर्षांच्या वर झालेली नसावीत आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 27 च्या पुढे हवा, आपल्या लोकांना 25 लाच घेतात कारण आपल्याला कमी वजनातच शुगर धरते. 12 आठवडे रोज 800-900 कॅलरी, जेवणाऐवजी नुसते पावडरचे शेक, सूप आणि बार. आई फोनवर, "अरे उपाशी राहून कुणाची शुगर गेलीय का?"

जाते की! लिव्हर आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्सुलिन परत नीट काम करायला लागतं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातल्या टाइनसाइडला याच पद्धतीची 'डायरेक्ट' नावाची ट्रायल झाली, तिच्यात (2017) वर्षभराने 46 टक्के लोक रेमिशनमध्ये होते, आणि ज्यांचं 15 किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यातले 86 टक्के.

भुकेचं टेन्शन होतं पण सुरुवातीला डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग भूकच मेली. त्रास दिला तो बद्धकोष्ठाने, ढीगभर पाणी आणि इसबगोल घेऊनसुद्धा. शिवाय हीटिंग लावून बसलो तरी बोटं गार, आणि बायको म्हणे तोंडाला नेलपेंट रिमूव्हरसारखा वास येतोय, तो कीटोनचा, शरीर चरबी जाळतं तेव्हा ते तयार होतात. घरात पोहे चाललेत आणि मी शेकरच्या तळाला चिकटलेला पावडरचा गोळा चमच्याने खरवडतोय!

कुणी प्लीज हे मनाने करू नका. माझ्या शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केल्या, बीपीची पण कमी केली, आणि मग सतत चेकिंग. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू ठेवून एवढं कमी खाल्लं तर शुगर धाडकन पडते, डापाग्लिफ्लोझिन ही दुसरी गोळी घेणाऱ्यांना कीटोअॅसिडोसिसची (कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होण्याची) भीती. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, गाउटवाल्यांचा गाउट (युरिक अॅसिडची सांधेदुखी) उसळतो. इन्सुलिनवर असलेल्यांना आणि प्रेग्नंट बायकांना तर प्रोग्राममध्ये घेतच नाहीत.

मला विचाराल तर शेक सोपे, त्यात डोकं लावावं लागत नाही. जेवण परत सुरू करताना खरी फजिती, आधी दिवसातून एकच जेवण, पोळी एक की दीड यावर घरात रोज चर्चा, आणि मंडळाच्या गणपतीत मोदक समोर. थोडं वजन परत आलंय, खोटं कशाला बोला. पण औषध नसताना एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) इथल्या मोजणीत 48 च्या, म्हणजे 6.5 टक्क्यांच्या, खाली आहे, म्हणून फाइलवर रेमिशन लागलं. वर्षाची ब्लड टेस्ट आणि डोळ्यांचं स्क्रीनिंग मात्र चालूच ठेवायला सांगितलंय.