१०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून रुजू होताना: माझा अनुभव

बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची डिग्री करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली मला विचारतात की ताई १०८ ला, म्हणजे सरकारी अॅम्ब्युलन्सवर, जॉइन करू का, काम कसं असतं, मुलींना जमतं का, रात्रीचं काय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे मी कशी शिरले आणि शिरल्यावर काय काय शिकावं लागलं ते.

आधी थोडं मागचं. २००५ मध्ये हैदराबादला १०८ सुरू झालं आणि मग एकेका राज्यात पसरलं, गोव्यात २००८ ला आलं, आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत. ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली, त्यातल्या २३३ एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर वगैरे असलेल्या आणि ७०४ बीएलएस म्हणजे प्राथमिक सोयींच्या. बऱ्याच राज्यांत गाडीत ईएमटी म्हणजे तातडीच्या उपचारांचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन असतो, आपल्याकडे गाडीत डॉक्टर ठेवायचं ठरलं आणि हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीचे असतात. नोकरी कंत्राटी आहे, हे माहीत असूनच या.

भरतीचं फार सांगण्यासारखं नाही. डिग्री, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग इंटरव्ह्यू. आम्हाला इंटरव्ह्यूमध्ये विचारलं होतं की बेशुद्ध पेशंट समोर आला तर पहिलं काय बघशील, मी पल्स म्हणाले आणि मग त्यावर अर्धा तास चर्चा झाली की आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायचं, वायर पडलीय का, गाडी पेटतेय का, कारण तुम्हीच पडलात तर पेशंटला कोण बघणार. ट्रेनिंगमध्ये सगळं पुतळ्यावर. छाती दाबायची मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटीमीटर खोल, तीस दाब आणि दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हृदयाच्या कोणत्या ऱ्हिदमला शॉक द्यायचा आणि कोणत्याला नाही, मानेला कॉलर कशी लावायची, पेशंटला लाकडासारखं एकसंध कुशीवर कसं वळवायचं. हे सगळं मनापासून करा, कंटाळा करू नका, कारण खरा पेशंट उलटी करतो, हातपाय झाडतो, वर नातेवाईक तुमची ओढणी ओढत असतात आणि तेव्हा डोकं विचार करत नाही, हातच करतात.

पण मी जे शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त मला आमच्या पायलट मामांनी शिकवलं. १०८ मध्ये ड्रायव्हरला पायलट म्हणतात. माझं पोस्टिंग मुंबई-गोवा हायवेच्या घाटपट्ट्यात, आणि मामा त्या पट्ट्यात आधी ट्रक चालवायचे, प्रत्येक वळण पाठ. पहिल्या ड्युटीला मी स्टेथो गळ्यात घालून गाडीत बसले तर मामा म्हणाले, मॅडम खाली उतरा, आधी गाडी बघून घ्या. मग त्यांनी एकेक दाखवलं. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघायचा, नुसता दांडा हलवून भरलाय म्हणायचं नाही. तोंडातली घाण ओढून काढणारं सक्शन चालू करून आवाज ऐकायचा. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब पेटतो का. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख. अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लहान मुलाची पण आहे का आणि तिचा मास्क कुठे ठेवलाय, कारण रात्री दोनला अंधारात मास्क शोधत बसलात तर बाळ निळं पडेल. ऑक्सिजनचा हिशोब तर त्यांना तोंडपाठ. लहान बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर, मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास, म्हणजे पेशंट लांबच्या हॉस्पिटलला न्यायचा असेल तर निघायच्या आधी बोलायचं, घाटात नाही. डॉक्टर मी होते पण हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, आणि मामांनी शिकवताना एकदाही असं वाटू दिलं नाही की तुला काही येत नाही.

कॉल कसा येतो ते सांगते. माणूस १०८ लावतो, तो पुण्याच्या कंट्रोल रूमला जातो, तिथून जवळच्या गाडीला. गाडी निघाली की मी फोन करणाऱ्याशी बोलायला लागते, श्वास घेतोय का, बोलतोय का, रक्त किती, आणि मामा मधूनच ओरडून विचारतात की कुठली वाडी, वरची का खालची, कारण कोकणात गावाचं नाव एक आणि वाड्या दहा, आणि शेवटचा रस्ता बरेचदा गाडीचा नसतोच. तिथून स्ट्रेचर नाहीतर गोधडीची झोळी, दोन बांबू, गावातले चार गडी. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, पेशंट खाली आणताना माझा पाय घसरायचा, गावातल्या बायका हात धरायच्या. म्हणून मी सगळ्यांना सांगते, फोन केल्यावर फोन बंद करू नका, लाइन मोकळी ठेवा आणि एक माणूस टॉर्च घेऊन मेन रोडला उभा करा. यात वाचलेली मिनिटं आमच्या कुठल्याही औषधापेक्षा मोठी असतात.

हायवेवरच्या अपघातात पहिली लढाई गर्दीशी. लोक चांगल्या मनाने करतात पण जखमीला बसवतात, पाणी पाजतात, दोघं हात धरून आणि दोघं पाय धरून उचलतात. ओरडून उपयोग नाही हे मामांकडून शिकले. ते गर्दीतल्या सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माणसालाच काम देतात, दादा तुम्ही ट्रॅफिक बघा, भाऊ तुम्ही हा बॅटरीचा प्रकाश असा धरा, आणि दोन मिनिटांत गर्दीची मदतनीस टीम होते. अजून एक भीती लोकांच्या मनात घट्ट बसलीय ती पोलिसांच्या मागे लागण्याची. २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात पण आलं, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, तरी अजून माणसं लांब उभं राहून मोबाइल धरतात. हे मी प्रत्येक अपघाताच्या ठिकाणी सांगते, अक्षरशः कॉलर लावता लावता. गणपतीत तर जास्तच, चाकरमानी रात्रभर गाडी चालवून येतात आणि पहाटेच्या वेळी डोळा लागतो.

आता साप-विंचू, कारण आमच्या भागात हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. लाल विंचवाने माणसं मरायची ती हृदय आणि फुप्फुसावरच्या परिणामाने, आणि त्यावर प्राझोसिनसारखं साधं गोळीचं औषध चालतं हे आपल्याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी दाखवून दिलं, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंट बघता बघता हा अभ्यास सुरू झाला. मला याचा फार अभिमान वाटतो, आमच्याच मातीतलं काम जगभर गेलं. त्यामुळे विंचू म्हटलं की मी आधी हात गार आहेत का, घाम किती, खोकल्यात फेस येतोय का ते बघते.

सापात मला सगळ्यात धास्ती मण्यारची. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. भातलावणीचे दिवस, घरात सगळे खाली जमिनीवर झोपलेले, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पहाटे उठून म्हणाला पोटात दुखतंय, घरच्यांना वाटलं पित्त, ओवा दिला. मग घसा धरला, मग पापण्या जड. चावल्याची खूण शोधून सापडत नव्हती, मण्यारचं असंच असतं, दात बारीक, सूज नाही, दुखत पण नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या बघितल्या आणि मी मामांना म्हणलं थेट जिल्ह्याला नको, आधी ग्रामीण रुग्णालय, तिथे एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सुरू करू. तिथल्या डॉक्टरांनी एएसव्ही सुरू केलं पण श्वास उथळ होत चालला होता, व्हेंटिलेटरसाठी पुढे न्यायलाच हवं होतं, मण्यारच्या विषात एएसव्ही दिलं तरी श्वासाचे स्नायू लगेच परत येत नाहीत. मग सगळा घाट मी अम्बू दाबत गेले. पाच-सहा सेकंदाला एक श्वास, घाई करायची नाही, पोट फुगू द्यायचं नाही, हनुवटी वर धरायची. बोटं बधिर झाली. मामा वळणावर ब्रेक मारत नव्हते, आधीच गियर पाडून घ्यायचे, म्हणजे माझा तोल जाऊन मास्क सुटू नये. मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग आणि वळणावर कासव, आणि सोबत हॉस्पिटलला फोन की व्हेंटिलेटर तयार ठेवा.

या केसमधली एक गोष्ट प्रत्येक नवीन डॉक्टरने लक्षात ठेवावी. मण्यारचा पेशंट डोळे मिटून निपचित पडलेला दिसतो पण बहुतेकदा शुद्धीत असतो, त्याला ऐकू येत असतं. गाडीत त्याचा काका रडत रडत म्हणाला गेला गेला आमचा पोरगा, मी त्यांना थांबवलं आणि मुलाच्या कानाशी बोलत राहिले, बाळा तू जिवंत आहेस, श्वास मी देतेय, घाबरू नको, आता अमुक ठिकाणी पोचलो. काही दिवसांनी तो व्हेंटिलेटरवरून उतरला, आणि त्याने आईला सांगितलं की मॅडम मला गावांची नावं सांगत होत्या.

गाडीतली डिलिव्हरी म्हणजे मुली सगळ्यात जास्त घाबरतात ते प्रकरण. डोकं दिसायला लागलं की गाडी थांबवायची, पळवायची नाही. मामा रस्त्याच्या कडेला घेतात, पार्किंग लाइट लावतात आणि दाराकडे पाठ करून बाहेर उभे राहतात, कोणाला जवळ फिरकू देत नाहीत. आत मी आणि आशाताई. आशाताईंना कमी लेखू नका, बाळंत होणाऱ्या बाईची भीती कशी घालवायची हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ओढायचं काही नाही, बाळ आलं की कोरडं करायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, रडलं असेल तर नाळ कापायची घाई नाही, आईला ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत. बाळ पहिल्या मिनिटात रडलं नाही तर पुसून, पाठ चोळून, आणि तरी नाही तर लहान अम्बू. म्हणून तो लहान मास्क.

आणि आता हँडओव्हर, ज्याच्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. पहिल्या काही महिन्यांत एका मोठ्या रुग्णालयात मी पेशंट घेऊन गेले, रस्त्यात दिलेली औषधं सांगायला लागले तर समोरच्यांनी मान वर न करता म्हटलं, कागद ठेवा तिकडे. मी तासभर त्या माणसाचं बीपी सांभाळत आणलं होतं. आमचं स्ट्रेचर पण अडकून पडलं, बेड नव्हता, आणि स्ट्रेचर अडकलं म्हणजे गाडी अडकली, तेवढा वेळ आमचा पट्टा रिकामा. खूप राग आला, अजूनही येतो, कारण त्यात नुकसान पेशंटचं होतं. पण त्या लोकांवर पण कॅज्युअल्टीत एकाच वेळी दहा पेशंट असतात हे मी नंतर तिथे थांबून बघितलं. मग मी पद्धत बदलली. चार वाक्यांत सांगते: काय झालं आणि कधी, मी पोचले तेव्हा कसा होता, मी काय दिलं आणि किती वाजता, आता कसा आहे. घड्याळाची वेळ सांगितली की समोरचा मान वर करतोच, असा माझा अनुभव आहे. सही घेतल्याशिवाय हलत नाही.

काही जण वाचत नाहीत. घरात गेल्यावर कळतं की गेलेत, अंग ताठ झालंय, आणि घरचे म्हणतात मॅडम न्या ना तरी. तिथे खोटी पळापळ करायची नाही असं मी ठरवलंय. खाली बसायचं, मोठ्या मुलाला किंवा जो कर्ता असेल त्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं, आणि पुढचे कागद कसे होतात ते समजावून मगच निघायचं. जिथे थोडी पण आशा असते तिथे मात्र जागेवरच सीपीआर, कारण पळत्या गाडीत छाती नीट दाबली जात नाही, आणि मी थकले की मामा दाबतात. अशा कॉलनंतर मामा गाडी धुवायला घेतात, मी पण जंतू मारणाऱ्या हायपोक्लोराइटची बादली घेते. डॉक्टरने फरशी पुसायची का असं मला एका नवीन मुलाने विचारलं होतं. पुढचा कॉल दहा मिनिटांत येऊ शकतो आणि गाडीत दोनच माणसं आहेत, म्हणून पुसायची.

जॉइन करणार असाल तर आधी एखाद्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत परवानगी काढून काही रात्री काढा, पेशंटच्या हलत्या हाताच्या शिरेत सुई लावायची सवय करा, लहान मुलांचे डोस वहीत लिहून ती वही खिशात ठेवा. रात्रपाळीत जेवण वेळेवर उरकून घ्या, कॉल आला की राहून जातं. पोस्टिंग मिळालं की पहिल्याच दिवशी पायलटसोबत पूर्ण पट्टा फिरून या, कुठल्या केंद्रात रात्री डॉक्टर असतो, एएसव्ही कुठे असतं, रक्तपेढी किती लांब, कुठल्या खिंडीत रेंज जाते. आमच्याकडे पुढच्या महिन्यात नवीन मुलगी रुजू होतेय, मामांनी आत्ताच विचारून ठेवलंय की मॅडम, तिला फिरवायला कधी नेऊ.