रिकामे परतणारे ट्रक

मध्यम आकाराच्या शहरात रोज किती माल आणि किती ऊर्जा येते, त्यातले काय वापरले जाते आणि काय बाहेर पडते, याचा हिशेब मांडणे हे माझे काम आहे. तत्त्व साधे आहे. पदार्थ नाहीसा होत नाही, तेव्हा जे आत आले ते बाहेर तरी गेलेले असते, नाही तर शहरातच साठलेले असते. महानगरांचे असे हिशेब बरेच झाले आहेत; ब्रुसेल्स आणि हाँगकाँगचे तर १९७०च्या दशकातच झाले. मध्यम शहराच्या वाट्याला हे फारसे येत नाही, आणि त्यातली अडचण काम सुरू करताच कळते. इंधनाचे आणि सिमेंटचे आकडे मिळतात ते सगळ्या प्रदेशाचे. शहराच्या हद्दीतून काय आत गेले याची नोंद कोणाकडेच नसते. आमचा ताळेबंद अनेक दिवस जुळत नव्हता, म्हणून शहरात येणाऱ्या एका मुख्य रस्त्यावर सलग चोवीस तास उभे राहून स्वतः मोजणी करायचे आम्ही ठरवले.

पाण्याची बाजू तोवर बरीचशी सुटली होती. वजनाने पाहिले तर शहरात येणारी सर्वांत मोठी वस्तू पाणीच असते. एबेल वोलमन या अमेरिकी अभियंत्याने १९६५ साली दहा लाख वस्तीच्या कल्पित शहराचा रोजचा हिशेब मांडला होता. त्यात ६,२५,००० टन पाणी, २,००० टन अन्न आणि ९,५०० टन इंधन आत येते, तर ५,००,००० टन सांडपाणी आणि २,००० टन कचरा बाहेर पडतो. पाण्याच्या नोंदी पंपघरात मिळतात आणि वीजमापकावरून त्या पडताळूनही पाहता येतात, कारण एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंपातली गळती आणि घर्षण सोडले तरी, सुमारे ०.२७ किलोवॅट-तास वीज लागतेच. इंधनाचे गणित थोडे फसवे असते. १२ किलो कार्बन जळला की हवेतला ऑक्सिजन मिसळून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे बाहेर जाणारे वजन आत आलेल्या वजनापेक्षा जास्त भरते. हवेला वेगळा रकाना दिला की तेही जुळते. आमची तफावत यांपैकी कशातच नव्हती.

मोजणीच्या रात्री पहिले दोन तास मला विशेष काही जाणवले नाही. मध्यरात्रीनंतर मात्र भाजीपाला, किराणा आणि टँकर कमी झाले आणि खडी, वाळू व सिमेंटचे ट्रक एकामागून एक येऊ लागले. शेजारच्या वजनकाट्यावर एका ट्रकची पावती मी हातात घेऊन पाहिली: भरलेले वजन २८ टन, रिकामे १० टन, माल १८ टन. तोच ट्रक पहाटे परत गेला तेव्हा त्याच्या हौद्यात चिकटलेली ओली वाळू तेवढी दिसत होती. बाहेर जाणाऱ्या रकान्यात आम्ही रात्रभर ‘रिकामा’ हाच शब्द लिहीत राहिलो. वोलमनच्या कोष्टकात बांधकाम साहित्याला रकानाच नव्हता, आणि आम्ही त्याच्याच धर्तीवर आमचे कोष्टक आखले होते, हे तेव्हा प्रकर्षाने लक्षात आले.

एवढे दगड-सिमेंट शहरात येते, तर पाडलेल्या बांधकामाचा राडारोडाही कचरा डेपोत पोहोचायला हवा होता. डेपोच्या काट्यावरच्या नोंदींत तो जवळजवळ नव्हताच. आतापर्यंत आम्ही ती नोंदणीतली हयगय समजत होतो. सकाळी राडारोड्याने भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या समोरून हद्दीच्या अलीकडेच वळला, तेव्हा मी एका सहकाऱ्याला मोजणीवर ठेवून त्याच्या मागे निघाले. तो एका सखल भूखंडावर थांबला. तिथे भराव घालण्याचे काम चालू होते. ट्रॉली उलटल्यावर माझ्या पायाशी भिंतीचा एक तुकडा येऊन पडला. एका अंगाला निळा रंग, आत वीटकाम आणि विजेच्या बटणाच्या पेटीची चौकोनी खाच अजून शाबूत. डेपोत का नेत नाही असे विचारल्यावर चालक म्हणाला, “ताई, एवढं ओझं लांब कशाला न्यायचं? खड्डा तर इथंच आहे.”

त्याचे उत्तर ऐकून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. त्या भिंतीतल्या सिमेंटसाठी दूरच्या कुठल्याशा भट्टीत चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली गेली होती, आणि ती ऊर्जा या शहराच्या वीज-इंधनाच्या आकड्यांत कुठेच दिसणार नव्हती. भिंत पडली तरी तिचे वजन शहराबाहेर गेले नाही; जमिनीवर होते ते जमिनीखाली गेले, आणि त्याच्यावर उभे राहणाऱ्या घरासाठी पुन्हा नवी खडी येणार होती. राडारोडा दळून त्याची खडी केली असती तर येणाऱ्या काही ट्रकांची गरज पडली नसती. डेपो आणि खाण दोन्ही शहराला लागून असल्याने मध्यम शहरात हे जमवणे महानगरापेक्षा सोपे असते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी राडारोडा किती आणि कुठे जातो हे कोणी तरी मोजलेले असावे लागते.

चोवीस तास भरल्यावर आम्ही कोष्टकात ‘नोंदीतील चूक’ असे लिहिलेला रकाना खोडून तिथे ‘बांधकामातील साठा’ आणि ‘हद्दीतील भराव’ असे दोन रकाने आखले. दुसरा रिकामाच होता. पुढच्या आठवड्यात त्या भूखंडाची लांबी-रुंदी आणि भरावाची खोली मोजायला आम्ही फीत घेऊन परत गेलो, तेव्हा अर्धा भूखंड सपाट झाला होता.