लोणच्याच्या बरणीची टाच

मी मिरजेची, मोझॅकची कामं करते. म्हणजे बंगल्याच्या पोर्चमधला मोर, हॉटेलच्या भिंतीवरचं झाड, शाळेच्या कंपाऊंडवर फुलपाखरं, असलं. आपल्याकडं मोझॅक म्हटलं की लोकांना एकच आठवतं, गच्चीवर गळती थांबवायला फुटक्या टाइल्स बसवतात ते चायना मोझॅक. त्यामुळं चर्चच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं की आवारात एक मोझॅकचं शिल्प करून देते, मजुरी नको, फक्त सामानाचं बघा, तर एका काकांनी अगदी मनापासून विचारलं, "पण गळतंय कुठं?"

खरी अडचण मात्र वेगळी होती. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडं पुढं साधा लाकडी क्रूस, पुतळे वगैरे नाहीत. आप्पा उभे राहिले. आप्पा म्हणजे आमच्या पप्पांचे दोस्त, चर्चच्या मंडळीतले जुने वडील, म्हणजे एल्डर, त्यांना अख्खं बायबल तोंडपाठ. ते म्हणाले, "निर्गम वीस, वचन चार. कोरीव मूर्ती करू नको. संपला विषय." आणि बसले. मी म्हटलं आप्पा, मी प्रभूचा चेहरा करणारच नाही, नुसते हात, एक घंगाळ आणि पेत्राचे दोन पाय. योहान तेरा, प्रभू गुरुवारी रात्री शिष्यांचे, पेत्राचे पण, पाय धुतो तो उतारा. पेत्राच्या पायाला कोण नमस्कार करणार आहे? बायका हसल्या, पण आप्पा काही हसले नाहीत, "बघू" म्हणाले. आमच्याकडं "बघू" म्हणजे अर्धा होकार.

हे डोक्यात का होतं ते सांगते. आमची आजी इथल्या मिशन दवाखान्यात नर्स होती. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली काढलेला तो दवाखाना, मिरजेत ज्याच्या घरात कोणी ना कोणी तिथं काम केलेलं नाही असं ख्रिस्ती घर शोधावं लागेल. आजी सांगायची, खेड्यातनं आलेल्या पेशंटच्या पायाला जखम असली की ड्रेसिंगच्या आधी अख्खा पाय धुवायचा, आणि पायाला हात लावला रे लावला की माणूस पाय मागं ओढणार. "नगं बाई, तुमी नगा हात लावू." पेत्रानं पण तेच केलं होतं की, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणून. संडेस्कूलमध्ये हा उतारा आला की मला पेत्र असाच दिसायचा, जत साईडचा, धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेला, टाचांना ही एवढाल्या भेगा. त्यामुळं शिल्पात एक पाय पाण्यात आणि दुसरा घंगाळाबाहेर, मागं ओढलेला, असं ठरवलं. पाण्यातले हात दुसऱ्या पायाची वाट बघत थांबलेत असं.

जुनी उदाहरणं फोनवर बघितली होती. ग्रीसमध्ये होसिओस लुकास मठात अकराव्या शतकातलं पाय धुण्याचं मोझॅक आहे, पण ते भिंतीवरचं, सपाट. आणि इटलीत रॅव्हेन्नाच्या जुन्या चर्चमध्ये सोन्याचा वर्ख दिलेले काचेचे तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवलेत, म्हणजे उजेड एकसारखा न पडता लुकलुकतो. ती आयडिया मी पाण्याला वापरली. सोनं कुठलं आपल्याकडं, आमचं सगळं फुटक्या कपबशीचं.

सांगाडा ६ एमएम सळईचा, वर कोंबडी जाळी दोन थर, त्यावर एकास तीन सिमेंट-वाळूचा माल, आणि दहा दिवस पाणी. हे सगळं मिस्त्रीमामांनी केलं. मामा बाथरूमच्या फरशीतले मास्टर, रमजान नुकताच होऊन गेलेला, तरी रोज सकाळी सातला हजर. हातांचं मॉडेल पण तेच, त्यांचे पंजे मोठे आणि बोटं चेपलेली. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "माझ्या हाताचं काय बघतीस, निम्मी नखं न्हाईत."

रंगाचा प्रश्न होता. टाइलच्या दुकानात आपल्या कातडीचा रंग मिळत नाही. बिस्किट, आयव्हरी, वुडन फिनिश, सगळं मिळतं, पण उन्हात रापलेल्या पायाचा तपकिरी नाही. मग एक दिवस घरात माळ्यावरची लोणच्याची बरणी काढली आणि जागच्या जागी खाली बसले. वरनं चॉकलेटी, खालनं मळकट पांढरी. पायाचा वरचा भाग आणि तळवा! मंडळीत सांगितलं की फुटकी चिनी मातीची बरणी असंल तर द्या, तर पंधरा दिवसांत एकवीस बरण्या आल्या, त्यातल्या निम्म्या तर धडधाकट. एका मावशीनं माझ्यासमोर दगडावर आपटून फोडून दिली, म्हणाल्या सुना काय आता लोणचं घालत नाहीत.

बरणीचं भांडं जाड, निप्परनं, म्हणजे टाइल तोडायच्या पकडीनं, तुटत नाही, गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायचं आणि जो तुकडा निघंल तो घ्यायचा. पण मजा अशी की बरणीच्या पोटाला जो बाक असतो तो टाचेला तंतोतंत बसतो. सपाट टाइलनं टाच केली तर ती कोपऱ्याकोपऱ्याची होते, तासलेल्या बटाट्यासारखी. बरणीचे तुकडे एकाशेजारी एक लावत गेले तसतशी टाच आपोआप गोल होत गेली, आणि मधल्या सांधी म्हणजे भेगाच. त्या भेगा दिसाव्यात म्हणून ग्राउट, म्हणजे सांधी भरायचा माल, पांढरं न घेता त्यात काळा आणि लाल ऑक्साइडचा रंग घालून आपल्या काळ्या रानाच्या मातीसारखं करायचं ठरवलं. पाण्याला निळ्या नक्षीच्या बशा, त्यात सांगलीहून आलेलं एक खोकं, २०१९ च्या पुरात घरात आठवडाभर पाणी होतं त्या घरातलं, तळाला अजून गाळ. घंगाळाला विटकरी टाइल आणि हातातल्या पंच्याला फुटक्या वॉश बेसिनचे पांढरे तुकडे. बेसिनचं मी कोणाला सांगितलं नाही. कमिटीतल्या एकांनी येऊन विचारलं, हातावर खिळ्यांचे व्रण कुठायत? मी म्हटलं काका, हा गुरुवार आहे, खिळे शुक्रवारी.

तर तो गुरुवार. पवित्र आठवड्यातला, त्याच संध्याकाळी सातला भक्ती आणि तिच्याआधी शिल्प उघडायचं. मला ग्राउट बुधवारी रात्री भरायचं होतं पण ऑक्साइड कमी पडलं, मामा सकाळी आणायला गेले, येईपर्यंत साडेदहा. एप्रिलमधलं ऊन. वरची हिरवी नेट पोरांनी ईस्टरच्या नाश्त्याच्या मांडवाला नेलेली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्राउट सगळ्यावर चोपडायचं असतं, सांधी भरल्या की वीसेक मिनिटांत ओल्या स्पंजनं तुकड्यांची तोंडं पुसून घ्यायची. गरम टाइल पाणी ओढून घेते, तेव्हा वीस मिनिटं पण नाहीत, दहा धरा.

मी दोन्ही पाय आणि हात लिंपून झाले, स्पंज पिळला, आणि ऑफिसातनं बोलावणं. पाटीचा विषय. देणगीदारांची नावं कुठल्या क्रमानं, स्वर्गवासींच्या स्मरणार्थ आधी का हयात आधी, दोन हजाराच्या खालच्यांची घालायची का नाही. मी म्हणत होते की मला जाऊ द्या, बाहेर माल वाळतोय, तर "दोन मिनिटं, तू आर्टिस्ट हायस, फॉन्ट तरी सांग." मामा पाण्याची बादली भरायला गेले होते आणि मोटर बंद. चाळीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा पेत्राचे पाय सिमेंटचे झाले होते. बरणी नाही, चकाकी नाही, भेगा नाहीत, नुसता राखाडी गोळा, स्पंज फिरवला तर स्पंजच फाटला.

मी रडले नाही, पण पायरीवर बसून राहिले. मामा म्हणाले ॲसिड मारूया, दोन मिनिटात साफ. ॲसिड फिल्म काढतं खरं, पण कोवळं ग्राउट पण खातं, रंग उडतो, आणि जुन्या बशांवरची सोनेरी किनार तर गेलीच म्हणून समजा. नको म्हटलं. मग एकच उरतं, ओलं गोणपाट आणि घासणं. तुकड्यागणिक, हातानं. नुसत्या पायांचे तुकडे सहाशेच्या वर.

चर्चची साफसफाई करायला बायका आल्याच होत्या. पहिल्यांदा त्या बरणीवाल्या मावशी आल्या, काय झालं विचारलं नाही, पदर खोचला आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन खाली बसल्या. मग दोघी अजून. रिटायर झालेल्या एक सिस्टर घरी जाऊन पोराच्या डेंटल क्लिनिकमधली जुनी अवजारं घेऊन आल्या, दातावरचा थर काढायची आकडी, आणि मला म्हणाल्या, "स्टील काचेवर दाबायचं नाही, कडेनं धरायचं, हिरडी सांभाळून." हिरडी म्हणजे ग्राउट. इतकं बरोबर मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. मिरज डॉक्टरांचं गाव आहे म्हणतात ते उगीच नाही.

चारच्या सुमाराला बघते तर आप्पा. खाली बसता येत नाही म्हणून प्लास्टिकचा स्टूल आणलेला, हातात टूथब्रश, मागं ओढलेल्या पायाची टाच घासतायत. मी गेले तर वर न बघता म्हणाले, "मूर्तीच आहे ही. माझं मत बदललेलं न्हाई." आणि ब्रश बादलीत बुडवला. मी पण काही बोलले नाही, शेजारची करंगळी घेतली. ते मधेच थांबून अंगठ्यानं भेगेतनं हात फिरवायचे, परत घासायचे.

सहाला बहुतेक निघालं. आप्पांच्या टाचेवर खालच्या बाजूला बोटभर राखाडी डाग राहिला, तो काही केल्या निघेना. मी आकडी घेतली तर म्हणाले, राहू दे, एवढी स्वच्छ टाच कुणाची असती.

भक्ती पाऊण तास उशिरा सुरू झाली. पाळक त्या रात्री मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात, ते आत बारा खुर्च्या मांडून, बादल्या भरून, टॉवेलची घडी घेऊन एकटेच बसलेले, आणि आम्ही सगळे बाहेर, कोपरापर्यंत राखाडी. शिल्पाचं उद्घाटन वगैरे झालंच नाही, कोणाला आठवलं नाही, फीत माझ्या पर्समध्येच राहिली. मामा हात धुऊन घरी निघाले होते, त्यांना मावशींनी पाठीमागच्या बाकावर बसवून चहा दिला.

बारा जणांत आप्पा दरवर्षी असतात. पाळक गुडघ्यावर आले, पहिला पाय धुतला, दुसऱ्याला हात लावला आणि आप्पांनी तो मागं घेतला. सवयीनं, क्षणभर, मग परत पुढं केला. मी तिसऱ्या बाकावर होते आणि, देव मला माफ करो, प्रार्थना सोडून त्यांच्या बोटांकडं बघत होते. पाय मागं घेताना बोटं आत वळतात, मुठीसारखी, आणि अंगठा वर राहतो. मी सगळी सरळ केली होती. सळईतच सरळ.

बाहेर आल्यावर मामांना दाखवलं. त्यांनी स्वतःची चप्पल काढली, पाय दोनदा मागं घेऊन बघितला आणि म्हणाले, "व्हय की. वळत्यात." मग शिल्पाकडं बघून म्हणाले, "आता फोडणार काय?" पाटी अजून ऑफिसातच आहे, कोरी.