रिकाम्या बाटल्या

मंगळवार, रात्र

आमच्या बडोद्यात पिणाऱ्याची बायको असणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना पटकन कळत नाही. त्यांना वाटतं गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणजे बरंच आहे की. मिळते हो सगळी, फोन केला की घरपोच येते, फक्त महाग पडते, आणि बंदी असल्यामुळे लपवायचं काम बायकोच्या गळ्यात पडतं. रिकामी बाटली सोसायटीच्या कचऱ्यात टाकता येत नाही, कचऱ्याची गाडी येते तेव्हा सगळ्या बायका खाली असतात, मग ती पेपरात गुंडाळायची, पिशवीच्या तळाशी ठेवायची आणि खंडेराव मार्केटला भाजी आणायला जाताना वाटेत कुठेतरी टाकायची. रात्री तमाशा झाला तरी पोलिसांना फोन करायचा धीर होत नाही, कारण परमिट नसताना पिणं हाच गुन्हा, म्हणजे आधी ह्यांनाच नेणार, मग नोकरीचं काय, पोरीच्या कॉलेजचं काय.

डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं ते डोक्यातून जात नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने हे गुन्हेगार, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मात्र दारूच्या व्यसनातून आलेला मानसिक त्रास हा आजार धरलाय. माणूस एकच, घरात दोन्ही सांभाळायचं मी.

आणि सोडली की सगळं संपलं असंही नाही. ह्यांनी एकदा देवासमोर शपथ घेऊन एकदम बंद केली, घरात पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं, आणि दोन-तीन दिवसांनी हात लटलटायला लागले, घाम, ताप, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणून रात्रभर भिंत पुसत होते. नंतर कळलं की वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेऊनच सोडवायची असते. हे आधी कोणी का सांगत नाही बायकांना? त्या रात्री मी एकटी ह्यांना धरून बसले होते आणि सासूबाई म्हणाल्या, आता सोडलीय ना त्याने, मग तू का रडतेस.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट अमेरिकेत 1935 ला सुरू झाला. नवरे मीटिंगमध्ये असायचे तेव्हा बायका बाजूला बसून वाट बघायच्या, आणि त्यांची स्वतःची अल-अ‍ॅनॉन ही संघटना उभी राहायला 1951 उजाडलं. सोळा वर्षं! पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी सहचरी म्हणून वेगळा गट आहे हे ऐकलं तेव्हा मला खरंच भरून आलं, कारण तिथे कोणीतरी मान्य केलंय की बायकोलाही काहीतरी होतं. माझं बीपी वाढलंय, झोप तुटक झालीय, लिफ्टचा आवाज आला की पोटात गोळा येतो, तरी येणारा प्रत्येक जण विचारतो, तो कसा आहे आता?

आज दुपारी नणंदेचा फोन. म्हणे वहिनी, एक पावडर मिळते ऑनलाईन, चव लागत नाही, त्याला न सांगता वरणात घालायची. मी सरळ नाही म्हणाले. असल्या पावडरीत काय असतं कोण जाणे, आणि डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध असलं नि वर हे प्यायले तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, माणूस जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनेच देतात. आणि समजा काही झालंच तर वरण कोणी वाढलं होतं?

मग मी तिला म्हटलं, पावडर नको, तू ये. शनिवारी ये, सोमवारी जा, भावाजवळ तू झोप, मी डांडिया बाजारात आईकडे जाऊन दोन रात्री झोपते. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ह्यांना विचारून तिकीट बघते.